कुपवाड एमआयडीसीत ८० कॉम्प्युटर आहेत, एक्सडीआर कुठलं घ्यावं? क्राउडस्ट्राइक, सेंटिनलवन, डिफेंडर की सेक्राइट?

तुम्ही लिहिलंय की ८० पीसी, दोन सर्व्हर, आयटीला एकच माणूस, आणि डीलरने एक्सडीआरचा, म्हणजे कॉम्प्युटरवरचे हल्ले पकडणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा, चार कंपन्यांचा तुलनेचा तक्ता दिलाय, त्यातलं कुठलं निवडू. मी त्याच पट्ट्यात एका कास्टिंगच्या कारखान्यात आयटी बघतो आणि असाच तक्ता माझ्यासमोर पण ठेवला गेला होता, म्हणून लिहायला बसलो.

तो तक्ता आधी बाजूला ठेवा आणि डीलरला विचारा, सुट्टीच्या रात्री दोन वाजता लाल अलर्ट आला तर तो बघणार कोण आणि मशीन नेटवर्कवरून तोडणार कोण. याचं उत्तर मिळेपर्यंत डेमोला पण बसू नका.

आमच्याकडे चांगलं नावाजलेलं एक्सडीआर होतं. नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. घेताना मी दोन गोष्टी मेलवर लिहून मागितल्या होत्या, सर्व्हरवर पण एजंट (एक्सडीआरचा प्रत्येक मशीनवर बसणारा छोटा प्रोग्राम) बसला पाहिजे आणि सोबत एमडीआर घेतलं पाहिजे, म्हणजे कंपनीचीच माणसं चोवीस तास कन्सोल, म्हणजे अलर्ट दिसतात तो स्क्रीन, बघतात ती सर्व्हिस. पहिल्याला ईआरपीवाल्याने, म्हणजे बिलं-स्टॉकचं सॉफ्टवेअर देणाऱ्याने, खोडा घातला. एजंट बसला की आमचं सॉफ्टवेअर स्लो होतं, मग सपोर्टची जबाबदारी आमची नाही म्हणाला. दुसऱ्याला मालकांचे पुण्याहून येणारे सल्लागार आडवे आले, "एवढं ऑटोमॅटिक सॉफ्टवेअर घेतल्यावर परत माणसांचे पैसे कशाला भरायचे?" मालकांना ते पटलं. मालक माणूस चांगला आहे, पण दरवर्षी रिन्यूअलला येणारा खर्च म्हटलं की ते हात आखडता घेतात, आणि फाउंड्रीच्या धंद्यात मार्जिन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग लक्ष्मीपूजनाची रात्र. फर्नेस बंद, गेटवर एक वॉचमन, बाकी सगळे घरी. अकाउंट्सच्या एका पीसीवर पासवर्ड काढायचं टूल चाललं, एक्सडीआरने ते जागेवर मारलं. मग त्याच पीसीवरून आख्खं नेटवर्क स्कॅन झालं, ते पण नोंदलं गेलं. त्याच डेस्कटॉपवर एका एक्सेलमध्ये ईआरपी सपोर्टचा ॲडमिन पासवर्ड लिहून ठेवलेला होता, तो चोरट्याने उचलला आणि आरडीपीने, म्हणजे विंडोजच्या रिमोट लॉगिनने, सरळ सर्व्हरवर गेला. या सगळ्याची सांगड घालून कन्सोलवर एकच इन्सिडंट तयार झाला होता, वर लाल रंगात 'हाय'. एक्सडीआरचं काम तेच ना, पीसी, लॉगिन, मेल, फायरवॉल इथले सुटे तुकडे जोडून हल्ल्याची आख्खी साखळी दाखवायची. ती त्याने दाखवली, रात्रीच दाखवली. अलर्टचा मेल गेला तो लायसन्स ज्या पत्त्यावर घेतलं होतं तिथं, म्हणजे सल्लागारांच्या ऑफिसात, आणि तिथं दिवाळीची सुट्टी. इकडे सर्व्हरवर एजंट नाही त्यामुळे अडवणारं कुणीच नाही, सगळ्या फाइली लॉक होत गेल्या.

पाडव्याला सकाळी मुहूर्ताचं बिल काढायला बसले तेव्हा अकाउंटंटचा फोन आला, "ओ, ईआरपी उघडंना झालंय." मी गाडी काढून पोचेपर्यंत ड्रॉइंगचे फोल्डर, डिस्पॅचची चलनं, सगळ्यांची नावं बदललेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. आम्ही पैसे दिले नाहीत. वाचलो ते बॅकअपच्या डिस्कमुळे. २०१९ च्या पुरात गावभागातलं जुनं ऑफिस पाण्यात गेलं होतं, तेव्हापासून मालकांनीच शिस्त लावलेली की दर शनिवारी डिस्क काढून विश्रामबागला घरी न्यायची. ती डिस्क नेटवर्कला जोडलेली नव्हती म्हणून ती शाबूत. त्या पुराने आम्हा सांगलीकरांना शिकवलंच आहे की, आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, आकडा सगळ्यांच्या मोबाईलवर येतो, पण सामान माडीवर न्यायला घरात माणूस लागतो.

नंतरच्या मीटिंगला सल्लागार आले ते नवीन तक्ता घेऊनच. म्हणे हे प्रॉडक्ट कच्चं निघालं, दुसऱ्यात एआय जास्त आहे, ते घेऊ. मी प्रोजेक्टरवर त्या रात्रीची टाइमलाइन लावली आणि माझा जुना मेल पण लावला. तर म्हणाले हल्लाच फार ॲडव्हान्स्ड होता. कसला ॲडव्हान्स्ड ओ, एक्सेलमधला पासवर्ड वाचून आत गेला तो! आणि सॉफ्टवेअर बोंबलत होतं तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं, याला प्रॉडक्ट कच्चं कसं म्हणणार? यावर त्यांनी आजवर उत्तर दिलेलं नाही. त्यानंतर एमडीआर पण आलं आणि सर्व्हरवर एजंट पण आला, ईआरपीचा डेटाबेस फोल्डर तेवढा स्कॅनमधून वगळला आणि बाकी सगळं चालू ठेवलं, ईआरपी पळतंय व्यवस्थित.

सुट्टी बघूनच मारतात हे नवीन नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले ते ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ तारखेला सुरुवात झाली, शनिवार होता तो.

आता तुमच्या चार नावांबद्दल. तुमच्याकडे मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर आधी त्याच्याच बिझनेस प्रीमियम प्लॅनचा हिशोब करा. ३०० युजरपर्यंत घेता येतं, त्यात डिफेंडर फॉर बिझनेस येतं आणि मेलची सुरक्षा पण येते, म्हणजे पीसी आणि लॉगिन आणि मेल एकाच ठिकाणी दिसतं. पण सर्व्हरचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं, हे डीलर शेवटी सांगतात. सेंटिनलवनचं रोलबॅक, म्हणजे लॉक झालेल्या फाइली परत आणणं, चांगलं आहे, पण ते विंडोजच्या शॅडो कॉपीवर (त्याच मशीनवर ठेवलेल्या जुन्या प्रतींवर) चालतं, त्याला बॅकअप समजू नका. क्राउडस्ट्राइक म्हटलं की लोक १९ जुलै २०२४ काढतात, एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसले होते. खरं आहे, पण पकडण्यात ते आजही पहिल्या फळीत आहे, आणि त्याची फाल्कन कम्प्लीट ही सर्व्हिस घेतली तर कन्सोल तेच सांभाळतात. महाग पडतं. सेक्राइट म्हणजे आपलं क्विक हील, ते सुरू करणारे काटकर बंधू मूळचे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. अभिमान आहेच, आणि मराठीत बोलणारा सपोर्ट मिळणं ही अडचणीच्या वेळी मोठी गोष्ट असते, पण म्हणून त्यांना प्रश्न कमी विचारू नका, एमडीआर त्यांच्याकडे पण आहे, तेच मागा. यादीत नसलेलं एक सांगतो, फायरवॉल आधीच सोफॉसचा असेल तर सोफॉसचं बघा, त्यात पीसीवर काही सापडलं की फायरवॉल त्याला आपोआप तोडू शकतो.

डीलर मायटर या अमेरिकन संस्थेच्या टेस्टचे १०० टक्क्यांचे पोस्टर दाखवेल. मायटर स्वतः कुणाला नंबर देत नाही, ते नंबर कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांनी काढलेले असतात. २०२५ च्या फेरीत तर मायक्रोसॉफ्ट, सेंटिनलवन आणि पालो आल्टो उतरलेच नाहीत.

आणखी एक, तुमच्याकडे पण स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला विंडोज ७ चा पीसी असेल, सीएनसीवर त्याहून जुनं काहीतरी असेल, सीसीटीव्ही असेल. यातल्या बऱ्याच ठिकाणी कुठलाच एजंट नीट चालत नाही. २०२५ मध्ये अकिरा या खंडणीखोर टोळीची एक केस बाहेर आली, पीसीवर अडवल्यावर त्यांनी नेटवर्कवरचा वेबकॅम धरला आणि त्याच्यावरून फाइली लॉक केल्या. ही सगळी मशिनं वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, याला लायसन्स लागत नाही.

लॉगचं, म्हणजे कुणी कधी काय केलं त्या नोंदींचं, पण विचारा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात आणि हल्ल्याची माहिती ६ तासांत कळवायची असते. पॅकेजमध्ये किती दिवसांचा डेटा मिळतो ते कोटेशनवर लिहून घ्या.

आणि ट्रायल घ्याल तेव्हा दिवसा घेऊ नका. ॲटॉमिक रेड टीम नावाचं हल्ल्याची नक्कल करणारं फुकटचं ओपन सोर्स टूल आहे, त्यातल्या साध्या दोन-तीन टेस्ट शनिवारी रात्री एका रिकाम्या पीसीवर चालवा, एमडीआरवाल्याला आधी सांगू नका, आणि फोन किती वाजता येतो बघा. जो फोन करतो त्याला ऑर्डर द्या, मग त्याच्या तक्त्यात दोन टिक कमी असल्या तरी चालेल.

हे सगळं तुमच्या ८० पीसीच्या हिशोबाने सांगितलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं दहा-पंधरा कॉम्प्युटरचं ऑफिस असेल तर एक्सडीआरच्या मागे लागू नका, विंडोजमधलं डिफेंडर चालू ठेवा, मेलला आणि रिमोटला ओटीपी लावा, राउटरवर आरडीपी उघडं असेल तर आजच बंद करा, सपोर्टवाल्याचा ॲक्सेस काम झालं की काढून घ्या आणि बॅकअपची डिस्क काढून घरी न्या. आणि ज्यांच्याकडे लिनक्स येणारा, कन्सोलसमोर रोज बसायला तयार असलेला माणूस आहे त्यांनी वाझू हे ओपन सोर्स एक्सडीआर बघावं, लायसन्स फुकट आहे. तुमच्याकडे एकच माणूस आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याच्या गळ्यात ते घालू नका.