बाळाला अंगावर पाजण्यासाठी आठव्या महिन्यात काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की आठवा लागलाय, सासूबाईंनी आत्ताच डिंक-अळीव आणून ठेवलेत आणि मैत्रिणीला 'दूध आलंच नाही' हे ऐकल्यापासून तुमची झोप उडालीय. मी डॉक्टर नाही. दोन बाळंतपणं झाली, पहिल्या वेळी सगळं फसलं, दुसऱ्या वेळी जमलं, तेवढ्या जोरावर सांगते.

पहिल्या वेळची माझी तयारी म्हणजे नुसती खरेदी. पंप, सहा बाटल्या, त्या उकळायचं भांडं. दुसरी रात्र कशी असते ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी बाळ पेंगत असतं. दुसऱ्या रात्री ते खडबडून जागं होतं आणि अर्ध्या-पाऊण तासाला छातीशी यायला बघतं, खाली ठेवलं की टाहो. माझ्या उशाशी आई, आत्या, शिवाय शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू (तिला कोणी विचारलं नव्हतं). तिघींचा निकाल एकच, 'हिला दूधच नाही.' पहाटे तीनला वरचं दूध आलं. बाळ झोपलं, सगळ्यांना हायसं वाटलं. मग दर रात्री तेच. बाळ अंगावर ओढेना, म्हणून दूध आटलं, म्हणून वरचं वाढलं.

खरं तर त्या रात्री छाती मऊच असते. येतो तो चीक, पिवळसर, थेंबाथेंबानं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतंही चमचाभरच. छाती भरून येते ती साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियननंतर कधी आणखी उशिरा. तोवर बाळ सारखं ओढतं, त्यानंच पुढचं दूध तयार व्हायला लागतं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हे नेहमीचंच, रात्रीचं तर सोडूच नये.

म्हणून माझं पहिलं सांगणं, पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या. दुसऱ्या रात्रीचं, चिकाचं, मध-गुटी-साखरपाणी न देण्याचं सगळं डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्यासमोर वदवून घ्या. सून म्हणाली तर तो वाद होतो, डॉक्टर म्हणाले तर सल्ला. मध तर नकोच. त्यात क्वचित असे जिवाणू असतात की वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्याच भेटीत विचारा की जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी देतात का, सिझेरियन झालं तरी देतात का, आणि पाजायला शिकवणारं कोणी आहे का.

मला शिकवलं दुसऱ्या वेळी एका वयस्कर सिस्टरनं, दहा मिनिटांत. बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलं की त्याला छातीशी आणायचं, आपण वाकायचं नाही. नुसतं बोंड नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. पहिले काही क्षण ओढ लागते, पण दुखतच राहिलं तर करंगळीनं पकड सोडवून पुन्हा लावायचं. टाके दुखत असतील तर बाळ काखेखाली घेऊन पाजता येतं.

आत्ता शरीरावर काही करू नका. बोंडं चोळणं, ओढणं, साबणानं घासणं, काहीच नको. चपटी किंवा आत गेलेली असतील तर डॉक्टरांना दाखवून ठेवा, पुष्कळ वेळा तरीही पाजता येतं. पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, एक घट्ट उशी, पाय टेकायला पाट. पंप नंतरही मिळतो.

बाळंतपणानंतर अळीव-डिंक जरूर खा, अंगात ताकद येते. पण लाडवानं दूध वाढतं म्हणून दिवसाला चार रिचवू नका. मी रिचवले. दूध वाढलं नाही, मी वाढले.

कधी डॉक्टरच वरचं दूध सांगतात, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, साखर उतरली असेल, वजन फारच घटलं असेल तर. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. वाटी-चमच्यानं द्या आणि अंगावर लावणं चालू ठेवा. दुसऱ्या आईचं दूधही मिळू शकतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ पासून दूधपेढी आहे, आता इतरही काही मोठ्या रुग्णालयांत आहेत.

पुरतंय की नाही ते रडण्यावरून ठरवू नका, लंगोटांवरून ठरवा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी चांगले ओले, आणि तोवर काळी शी जाऊन पिवळी. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून यावं. लंगोट कमी भिजले किंवा बाळ पाजायला उठेचना तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. तुम्हाला ताप आणि छातीत लाल दुखरी गाठ असेल तरीही.

दुसऱ्या वेळी हे मोजायचं काम मी नवऱ्याला दिलं. तो कालनिर्णयाच्या चौकटीत पेन्सिलीनं रेघा मारायचा. आठव्या दिवशी आईनं 'दूध पुरतंय ना गं?' विचारलं तेव्हा त्यानं न बोलता कॅलेंडरच खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं.