पगाराची नोकरी की अमळनेरात स्वतःची वकिली?

प्रश्न : मी ३२ वर्षांची असून जळगावातील एका खासगी वित्तसंस्थेत विधी अधिकारी आहे. एलएलबीनंतर अमळनेरला एका ज्येष्ठ वकिलांकडे वर्षभर ज्युनिअर होते. पुढे ही नोकरी मिळाली आणि कोर्ट सुटले. आता नोकरीला पाच वर्षे पूर्ण व्हायला चार महिने उरले आहेत. हातात ४८ हजार रुपये येतात. गहाणखते तपासणे, धनादेश न वटल्याबद्दलच्या कलम १३८ च्या नोटिसा व फिर्यादींचे मसुदे करणे आणि बाहेरच्या वकिलांची बिले पाहणे हे माझे काम आहे. सासर अमळनेरचे, यजमान तिथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि मी रोज रेल्वेने ये-जा करते. अमळनेरात स्वतःचे ऑफिस थाटावे असे मनात आहे, परंतु सासऱ्यांना लागलेली नोकरी सोडणे मान्य नाही. एक वकील मैत्रीण सुचवते की नोकरी ठेवावी, संध्याकाळी पक्षकारांना भेटावे, वकीलपत्रावर दोघींची नावे घालावीत आणि तारखांना तिने उभे राहावे. सनद मी स्थगित केलेली नाही. काय करावे?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : आधी मैत्रिणीची सूचना बाजूला ठेवू, कारण तो मार्ग तुमच्यासाठी बंद आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्या व्यक्तीला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अशी नोकरी स्वीकारल्यास राज्य वकील परिषदेला कळवून वकिली थांबवावी लागते. तुम्ही तसे कळवलेले नाही, ही त्रुटी आजच दुरुस्त करायला हवी. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोकरीची माहिती देऊन सनद स्थगित करण्याचा अर्ज करा आणि त्याची पोच जपून ठेवा. राजीनाम्यानंतर ती पुन्हा सुरू करून घेता येते. उद्या एखाद्या प्रतिपक्षाने वकीलपत्रावरील तुमचे नाव आणि पगाराची पावती एकत्र परिषदेकडे पाठवली, तर ज्या वकिलीसाठी हा सारा खटाटोप आहे तीच धोक्यात येईल.

आता मूळ प्रश्न. पत्रात तुम्ही ४८ हजारांचा आकडा लिहिला आहे, आणि घरातही बहुधा ‘वकिलीत एवढे मिळतील का’ असाच वाद चालत असेल. माझ्या मते तालुक्याच्या वकिलीत पैसा किती मिळतो यापेक्षा तो कधी मिळतो हा प्रश्न अधिक जाचक असतो. आपल्या भागातील पक्षकार प्रामुख्याने शेतकरी. वकीलपत्रावर सही करताना तो खिशातले हजार-दोन हजार काढून टेबलावर ठेवतो आणि बाकीचे ‘कापूस विकला की देतो’ म्हणतो. तो बुडवतो असे नाही. दिवाळीनंतर कापूस विकला गेला की बहुतेक जण स्वतः येऊन पैसे देतात, पण पावसाने ओढ दिली किंवा भाव पडले की तुमची फीदेखील पुढच्या हंगामावर जाते. ऑफिसचे भाडे, टायपिंग आणि कारकुनाचा पगार यांना मात्र हंगाम नसतो. म्हणून निदान वर्षभराचा घरातील तुमचा वाटा आणि ऑफिसचा खर्च बँकेत बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. यजमानांचा नियमित पगार ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, आणि सासऱ्यांशी बोलताना तीच पुढे ठेवावी.

दुसरी अडचण पैशांची नाही. तुम्ही फिर्यादी लिहिल्या आहेत, पण उलटतपासणी घेतलेली नाही. त्यातच १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले; अर्थात ते ज्येष्ठांनाही नव्याने शिकावे लागत आहेत, त्यामुळे त्या बाबतीत तुम्ही फार मागे नाही. तरीही पहिल्या दिवसापासून एकटीने पाटी लावण्यापेक्षा जुन्या वरिष्ठांच्याच ऑफिसात वर्ष-दीड वर्ष बसावे, सकाळी त्यांच्या तारखा सांभाळाव्यात आणि स्वतःची प्रकरणे स्वतःच्या नावावर घ्यावीत, हे मी आग्रहाने सांगेन. ज्युनिअरला ग्रामीण भागात दरमहा किमान १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले आहे, पण ती केवळ शिफारस असल्याने त्या भरवशावर हिशेब मांडू नका.

नियमित उत्पन्नाचा धागा तुमच्याकडे आधीच आहे. बँका आणि पतसंस्था कर्ज देण्यापूर्वी मिळकतीचा शोध अहवाल बाहेरच्या वकिलाकडून घेतात. दुय्यम निबंधक कार्यालयात बसून तीस वर्षांच्या नोंदी तपासायच्या, सातबारा आणि फेरफार जुळवायचे आणि एखाद्या बहिणीचे हक्कसोडपत्र खरोखर नोंदलेले आहे की नुसताच फेरफार झाला आहे हे पाहायचे, हे काम तुम्ही पाच वर्षे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने केले आहे. कोणत्या अहवालावर संस्था प्रश्न उपस्थित करते हे तुमच्याइतके नव्या वकिलाला ठाऊक नसते. म्हणून सध्याच्या संस्थेतून भांडून बाहेर पडू नका. तिच्याच बाहेरच्या वकिलांच्या यादीत, म्हणजे पॅनेलवर, येण्याचा प्रयत्न करा. अहवालाची फी लहान असली तरी ती कापसाची वाट पाहत नाही.

कोर्टातील कामाचे म्हणाल तर वाटपाचे दावे आणि धनादेशाच्या फिर्यादी कुठेही मिळतील. अमळनेरच्या बाबतीत मी दोन गोष्टींकडे लक्ष वेधेन. पहिली शेतरस्त्यांची. अडवलेला रस्ता मोकळा करण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. फी मोठी नसते, पण बांधावरचे भांडण मिटवून दिले की सारी भाऊबंदकी तुमचे नाव लक्षात ठेवते. दुसरी गोष्ट भूसंपादनाची. पाडळसे धरण प्रकल्पामुळे तापीकाठच्या गावांत मोबदल्याचे प्रश्न आहेत आणि ‘वाढीव रकमेत अमुक टक्के’ अशा बोलीवर काम घेण्याची रीतही रुळली आहे. वकील परिषदेच्या नियम २० नुसार दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही. समोरच्या टेबलावर काहीही चालत असो, तुम्ही फी रकमेत ठरवा आणि पावती द्या. साक्षीदाराची अहिराणी तुम्हाला समजत असेल, तर जबाब मराठीत उतरताना काय गळले हे तुम्ही जागच्या जागी सांगू शकाल, आणि बाहेरून आलेल्या वकिलाला ते जमत नाही.

वयाचा आणि उशिराचाही विचार करा. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते, आणि नोटरी होण्यासाठी महिला वकिलाला किमान सात वर्षांची. सनद बाजूला ठेवून केलेल्या नोकरीची वर्षे या हिशेबात धरता येणार नाहीत. त्यामुळे ‘अजून पाच वर्षे नोकरी करू, मग बघू’ हा मधला पर्याय मला सर्वांत महाग वाटतो. नोकरीतच राहायचे असेल तर जरूर राहा, त्यात कमीपणा काही नाही. मात्र तो निर्णय समजून-उमजून घेतलेला असावा.

तुमच्या पत्रावरून माझे मत नोकरी सोडावी असेच आहे, पण चार महिन्यांनंतर. पाच वर्षे भरल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क निर्विवाद होतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार रुपये धरले, तर वर्षाला १५ हजार याप्रमाणे ७५ हजार रुपये होतात. भविष्य निर्वाह निधीची रक्कमही सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढल्यास करपात्र ठरते. संस्थेच्या गट विम्याचे संरक्षण नोकरीबरोबर संपेल, म्हणून स्वतंत्र आरोग्य विमा आताच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. घरासाठी कर्ज काढायचे मनात असेल तर तोही अर्ज पगाराच्या पावत्या हातात असतानाच करावा. वकिली सुरू केल्यावर बँक दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागेल आणि ती तयार व्हायला तेवढीच वर्षे लागतील.