‘अबाउट विच’ की ‘विच… अबाउट’?

प्रश्न असा आला आहे: ‘द मॅटर विच वी स्पोक अबाउट’ असं मी ऑफिसच्या पत्रात लिहिलं. साहेबांनी ते खोडून ‘द मॅटर अबाउट विच वी स्पोक’ केलं आणि वर ‘वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येत नाही’ असं सुनावलं. बरोबर कोण? आणि ‘विच’च्या जागी ‘दॅट’ चालतं, तर ‘अबाउट दॅट वी स्पोक’ का चालत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. दोन्ही वाक्यं बरोबर. साहेबांचं कडक इस्त्रीचं, तुमचं घरच्या कपड्यांतलं. साहेबांनी सांगितलेला नियम मात्र खोटा.

चूक आहे ती तिसरीच, आणि ती मुलाखतींत, भाषणांत, बायोडेटात ऐकून-वाचून मी विटलो आहे: ‘द कंपनी इन विच आय वर्क इन’. अहो, ‘इन’ एकदाच घ्या! पुढे घ्या नाहीतर मागे घ्या, दोन्हीकडे कशाला? आता कोणीतरी शेक्सपिअर दाखवेल, म्हणून मीच दाखवतो: ‘ॲज यू लाइक इट’मध्ये ‘द सीन व्हेअरइन वी प्ले इन’ असं आहे. त्याला माफ आहे. त्याच्या काळी शाळेत व्याकरण घोकून घेत ते लॅटिनचं.

बाकीचं भराभर. प्रिपोझिशन लगेच आधी आलं की ‘हू’चं ‘हूम’ होतं. ‘मोस्ट ऑफ विच’, ‘ड्युअरिंग विच’, ‘द एक्स्टेंट टू विच’ यांत ते पुढेच लागतं. ‘विच’ गाळलंत तर ते शेवटीच राहणार: ‘द हाउस आय लिव्ह इन’. आणि ‘लुक आफ्टर’, ‘पुट अप विथ’ यांसारखी क्रियापदं फोडू नयेत. ‘अप विथ विच आय विल नॉट पुट’ हे चर्चिलच्या नावावर खपवलेलं वाक्य या संदर्भात हमखास सांगतात. ते चर्चिलचं असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि विनोदातही लबाडी आहे. त्यातलं ‘अप’ हे प्रिपोझिशन नव्हेच, ते क्रियाविशेषण. ते ओढून पुढे आणायला कोणत्याच व्याकरणानं कधी सांगितलं नव्हतं.

खरी मजा दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘दॅट’च्या आधी प्रिपोझिशन का येत नाही? शाळेत याचं उत्तर ‘येत नाही म्हणून येत नाही’ एवढंच मिळतं. त्यासाठी आधी ‘विच’ उघडून बघायला हवं.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ह्विल्च’ असा होता. त्याचे दोन तुकडे: ‘ह्वा’ म्हणजे कोण आणि ‘लीच’ म्हणजे देह, रूप. ‘ह्विल्च’ म्हणजे ‘कोणत्या रूपाचा?’ आता आपल्याकडे या. संस्कृत ‘कीदृश’, म्हणजे ‘कोणासारखा दिसणारा’. त्यातूनच प्राकृतमार्गे आपला ‘कसा’ आला. ‘ह्वा’ आणि ‘कः’ तर सख्खी भावंडं, कारण मूळ ‘क’च्या जागी जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डचच्या कुळात, ‘ह’ येतो. दुसरा तुकडा मात्र वेगवेगळा. आपण ‘दिसणं’ घेतलं, त्यांनी ‘देह’ घेतला, घडण तीच. ‘सच’ हा शब्दही ‘स्वा’ आणि ‘लीच’ मिळून झालेला, म्हणजे आपला ‘तसा’. विच आणि सच, कसा आणि तसा! हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. तोच ‘लीच’ पुढे ‘लाइक’मध्ये आहे, ‘स्लोली’, ‘क्विकली’तल्या शेपटीत आहे आणि इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला जे छपराचं ‘लिचगेट’ असतं त्यातही आहे. तिथे प्रेत टेकवून पाद्र्याची वाट पाहत. जर्मनमध्ये प्रेताला आजही ‘लायखं’ म्हणतात.

तर हा ‘विच’ मुळात प्रश्न विचारणारा शब्द. संबंधी सर्वनामाचं, म्हणजे आपल्या ‘जो’चं, काम त्याच्याकडे मधल्या इंग्रजीत, म्हणजे बाराव्या शतकानंतर हळूहळू आलं, आणि लॅटिन-फ्रेंच वाचणाऱ्या लेखकांच्या हातून तो बरेचदा ‘इन विच’, ‘बाय विच’ असा प्रिपोझिशन पुढे घेऊनच आला. त्याआधी हे काम ‘थे’ नावाचा एक छोटासा अव्यय करत असे. त्याला ना लिंग, ना वचन, ना विभक्ती. अशा शब्दाला प्रिपोझिशन चिकटणार कसं? ते मागे क्रियापदापाशीच राहायचं. ‘थे’ गेला आणि त्याच्या गादीवर ‘दॅट’ बसला, तोही तसाच जोडणारा अव्यय म्हणून. दिसायला सर्वनाम, वागायला अव्यय. म्हणून ‘द मॅटर दॅट वी स्पोक अबाउट’ चालतं आणि ‘अबाउट दॅट वी स्पोक’ चालत नाही. शेवटी येणारं प्रिपोझिशन म्हणजे अलीकडचा गावंढळपणा नव्हे. ते हजार वर्षांपूर्वीचं आहे.

मग साहेबांचा नियम आला कुठून? कवी जॉन ड्रायडनकडून. 1672 मध्ये त्यानं बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’ नाटकातली एक ओळ दोष म्हणून दाखवली: ‘द बॉडीज दॅट दोज सोल्स वेअर फ्राइटेड फ्रॉम’. ओळ नीट बघा. त्यात ‘दॅट’ आहे! ‘फ्रॉम’ पुढे आणायचं तर आधी ‘दॅट’ काढून ‘विच’ घालायला हवा. पहिला आरोपीच असा निवडला की ज्याला सुटायचा मार्ग नाही. पुढे ड्रायडननं स्वतःचं लेखनही झाडून काढलं. 1668 च्या नाट्यविषयक निबंधात ‘द एज आय लिव्ह इन’ लिहिलं होतं, 1684 च्या आवृत्तीत त्याचं ‘द एज इन विच आय लिव्ह’ केलं. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन सहसा असं लोंबकळत नाही, मग इंग्रजीत का लोंबकळावं, असा एकूण नूर.

1762 मध्ये रॉबर्ट लाउथनं आपल्या व्याकरणात या प्रकाराबद्दल लिहिलं: ‘धिस इज ॲन इडियम विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू’. वाक्य संपलं कशानं? ‘टू’नं. नियमाचा सगळा दोष लाउथच्या माथी मारणाऱ्यांनी हे वाक्य वाचलेलं नसतं. गंभीर लेखनात पुढे घेतलेलं जास्त डौलदार दिसतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. 1795 मध्ये लिंडली मरे आला, त्यानं लाउथचा मजकूर उचलला आणि वाक्य ‘दुरुस्त’ केलं: ‘टू विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड’. गंमत कळलीच नाही माणसाला. मरेचं व्याकरण शाळाशाळांत गेलं. इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरनं 1926 मध्ये या नियमाला अंधश्रद्धा म्हटलं तरी ती गेली नाही, तुमच्या साहेबांपर्यंत पोचलीच.

नव्या विद्वानांचंही एक मत मला पटत नाही. एमंड्स आणि फॉर्लुंड या जोडीनं 2014 मध्ये असं मांडलं की इंग्रजी ही मुळात स्कँडिनेव्हियन भाषा आहे. त्यांच्या पुराव्यांत हे मागे राहणारं प्रिपोझिशन आहे: डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये ते राहतं, जर्मनमध्ये राहत नाही, म्हणजे ते स्कँडिनेव्हियातून इंग्लंडवर चालून आलेल्या व्हायकिंगांनी आणलं. वा! मग राजा आल्फ्रेडच्या काळच्या, म्हणजे नवव्या शतकातल्या, दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या गद्यात ‘थे’च्या मागे ते काय करत होतं? वेसेक्स तर व्हायकिंगांच्या ताब्याबाहेर राहिलेलं राज्य. व्हायकिंगांनी ही सवय पसरवली असेल, पण ती त्यांनी आणलेली नाही.

आता माझा लाडका सिद्धांत. इंग्रजीत ‘व्हेअरइन’, ‘व्हेअरबाय’, ‘व्हेअरऑफ’ हे शब्द आहेत. डचमध्ये ‘वारिन’, जर्मनमध्ये ‘वोरिन’ आजही रोजच्या वापरात आहेत. यांची घडण अस्सल मराठी आहे: व्हेअर-इन, ज्या-त. जोड मागून, आणि शब्दाला घट्ट चिकटलेली. इंग्रजीनं हे शब्द टिकवले असते तर मराठी मुलांना संबंधी सर्वनामं शिकवावीच लागली नसती. पण ते उरले फक्त भाडेकरारात, ‘इन विटनेस व्हेअरऑफ’ म्हणून, सहीच्या जरा वर.

दुहेरी ‘इन’चं मूळही मला इथेच दिसतं. मास्तर त्याला निष्काळजीपणा म्हणतात, मी नाही म्हणत. मराठी मनात आधी ‘ज्यात’ येतं, त्याचं ‘इन विच’ होतं. मग पाठ केलेलं ‘वर्क इन’ अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं. उलट चूकही मराठीतूनच येते. ‘मी बसतो ती खुर्ची’ यात ‘वर’ कुठे आहे? गायब. ऐकणाऱ्याला कळतं म्हणून आपण ते टाकूनच देतो, आणि मग पोरं ‘द चेअर आय सिट’ लिहितात. जिथे कळणार नाही तिथे मराठीही ते टाकत नाही. ‘मी बोललो ती बाई’ म्हटलं तर तिच्याशी बोललो की तिच्याविषयी? तिथे ‘जिच्याशी’ लागतंच.

आणि ‘ज्यात’चा विषय निघालाच आहे तर टीव्हीवरच्या ‘ज्यामध्ये’चं काय करायचं? ‘महामार्गावर अपघात झाला आहे, ज्यामध्ये तीन जण जखमी झाले आहेत.’ ‘नवी योजना जाहीर झाली आहे, ज्यामध्ये शेतकऱ्यांना लाभ मिळणार आहे.’ हे इंग्रजी ‘इन विच’ आहे, फक्त देवनागरीत. मराठीत ‘जो’ आला की पाठोपाठ ‘तो’ यायला हवा, आणि ‘जो’चं वाक्य बहुधा आधी येतं: ‘ज्या अपघातात तिघे जखमी झाले, तो महामार्गावर झाला.’ बातमी आधी सांगायची असेल तर ‘महामार्गावर अपघात झाला, त्यात तिघे जखमी झाले.’ ‘त्यात’ दोन अक्षरी आहे, खालच्या पट्टीत जागाही कमी लागेल.