महाभियोग लागतो, होत नाही

प्रश्न असा आहे: 'ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला असं वाचलं. मग ते पदावर राहिले कसे, आणि २०२४ला पुन्हा निवडून आले कसे? इम्पीचमेंटला महाभियोग म्हणणं चुकतंय का? सरळ पदच्युती म्हणावं का?'

शब्द बरोबर आहे, तो बदलू नका. घोटाळा होतो त्याच्यापुढे आपण जोडत असलेल्या क्रियापदांमुळे.

अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. अभियुक्त म्हणजे आरोपी, ज्याचा दोष अजून सिद्ध व्हायचा आहे तो. सरकारी अभियोक्ता फिर्यादीची बाजू मांडतो, निकाल देत नाही. म्हणजे महाभियोग हा फार तर मोठ्या पदावरच्या माणसावर रीतसर ठेवलेला मोठा आरोप. अमेरिकेच्या राज्यघटनेतली इम्पीचमेंट अगदी एवढीच आहे. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं. खटला सिनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. तसं ठरलं तरच पद जातं.

इम्पीच या शब्दाचं मूळही पाहण्यासारखं आहे. तो जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन 'पेडिका'पर्यंत जातो. पेडिका म्हणजे पायात अडकवायची बेडी किंवा फास. आपला पायबंद! घोड्याचे मागचे पाय बांधायची दोरी. पायबंद घातला म्हणून घोडा पागेतून हाकलला असं होत नाही. लॅटिन 'पेड' आणि आपला 'पद' हे तर एकाच मूळ धातूचे.

मग आपला गोंधळ कुठून आला? माझ्या मते आपल्या स्वतःच्या राज्यघटनेतून. अनुच्छेद ६१ प्रमाणे राष्ट्रपतींवर संसदेचं एक सभागृह आरोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं, आणि आरोप सिद्ध झाल्याचा ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने संमत झाला की त्या दिवसापासून पद संपतं. आरोपापासून पद जाईपर्यंतच्या सगळ्या वाटेला आपण महाभियोग म्हणतो. न्यायाधीशांच्या बाबतीत घटनेत हा शब्दच नाही, तिथे पदावरून दूर करण्याची तरतूद आहे. तरी १९९३ साली न्या. रामस्वामी आणि २०११ साली न्या. सौमित्र सेन यांच्या वेळी बातम्यांत महाभियोगच होता. त्यामुळे 'महाभियोग झाला' असं वाचलं की मराठी कानाला 'गेला' असं ऐकू येतं.

अमेरिकेत तसं नाही. क्लिंटन यांच्यावर १९९८ साली महाभियोग लागला, पण सिनेटने दोषी ठरवलं नाही आणि त्यांनी मुदत पुरी केली. निक्सन यांचं पद १९७४ साली गेलं, पण त्यांच्यावर महाभियोग लागलाच नाही. प्रतिनिधिगृहाच्या समितीने आरोप मंजूर केले होते, पूर्ण सभागृहात मतदान होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. ट्रम्प यांच्यावर डिसेंबर २०१९मध्ये आणि जानेवारी २०२१मध्ये आरोप ठेवले गेले. दुसऱ्या खटल्यात ५७ जणांनी दोषी म्हटलं, ४३ जणांनी नाही. लागत होती ६७ मतं.

पदच्युती हा शब्द इथे का चालणार नाही, ते या दुसऱ्या खटल्यातच दिसतं. फेब्रुवारी २०२१मध्ये खटला उभा राहिला तेव्हा ट्रम्प पदावर नव्हतेच. जो खुर्चीत नाही त्याच्यावर खटला चालवता येतो का, हाच मोठा घटनात्मक वाद झाला. सिनेटने ५६ विरुद्ध ४४ मतांनी चालवता येतो असं ठरवलं. कारण दोष सिद्ध झाल्यावर पुढे कोणतंही संघीय पद धारण करायला अपात्र ठरवण्याचा अधिकारही सिनेटला आहे. १८७६ साली युद्धमंत्री बेलनॅप यांनी मतदानाआधी घाईने राजीनामा दिला होता, तरी त्यांच्यावर खटला चालला होता. आता या जागी पदच्युती हा शब्द घालून वाक्य करून पाहा: 'माजी राष्ट्राध्यक्षांची पदच्युती'. काही अर्थच लागत नाही.

म्हणून लिहिताना प्रतिनिधिगृहाने महाभियोग 'लावला', सिनेटमध्ये महाभियोगाचा खटला 'चालला', सिनेटने 'दोषी ठरवलं' किंवा 'ठरवलं नाही', असं लिहावं. 'महाभियोग मंजूर' हा मथळा तर टाळाच, वाचणाऱ्याला त्यातून निकाल लागल्यासारखं वाटतं. 'महाभियोग बारगळला' हेही तितकंच चूक. सिनेटने सोडलं तरी आरोप ठेवला गेल्याची नोंद पुसली जात नाही.

याच विषयातला आणखी एक शब्द मला फार खटकतो. महाभियोगाची कारणं सांगताना तिथली घटना देशद्रोह, लाचखोरी आणि इतर 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स' म्हणते. मराठीत त्याचं 'गंभीर आणि किरकोळ गुन्हे' असं भाषांतर वाचलं आहे. किरकोळ गुन्ह्यासाठी राष्ट्राध्यक्ष काढायचा? सप्टेंबर १७८७मध्ये फिलाडेल्फियाला घटना लिहिली जात असताना तिथले एक प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली, की नुसता देशद्रोह आणि लाच पुरणार नाही. हेस्टिंग्जवरचा आरोप देशद्रोहाचा नाही, असं उदाहरण त्यांनी दिलं. हे वॉरन हेस्टिंग्ज म्हणजे बंगालचे गव्हर्नर जनरल, ज्यांच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ साली सालबाईचा तह झाला, तेच. लंडनमध्ये त्यांच्यावर १७८७ सालीच महाभियोग लागला होता. मेसन यांनी आधी 'गैरकारभार' हा शब्द सुचवला. तो फार मोघम आहे, मग राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवरच राहील, असं दुसरे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन म्हणाले. तेव्हा मेसन यांनी इंग्लंडच्या संसदेतला हा जुना शब्दप्रयोग घातला. त्यातला 'हाय' गुन्ह्याच्या आकाराबद्दल नाही. पदाच्या बळावर राज्याविरुद्ध केलेल्या अपराधाबद्दल आहे. 'अधिकारपदाचा गंभीर दुरुपयोग' असं मी करतो. मूळ शब्दांइतकं ते जुनं वाटत नाही, पण अर्थ हाती लागतो.