मेस सोसत नाही म्हणून वसतिगृह सोडावे का?

“मुलीला मेसचे जेवण सोसत नाही, तिला बाहेर खोली करून देऊ का?” प्रवेश पार पडल्यापासून दिवाळीपर्यंत पालक मला हा प्रश्न हमखास विचारतात. छत्रपती संभाजीनगरच्या एका निवासी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या, गेवराई तालुक्यातल्या मुलीचे वडील माझ्याकडे आले, तेव्हा ते खोलीची अनामत भरण्याच्या तयारीतच होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलीशी एकटीशी बोलून मी तिला आठवडाभर काय खाल्ले आणि किती वाजता खाल्ले, ते वहीत लिहून आणायला सांगितले. सकाळचा तास गाठण्यासाठी ती नाश्ता सोडत होती, प्रात्यक्षिक लांबले की दुपारच्या जेवणाची वेळ टळत होती आणि रात्री भाकरी नसल्यामुळे भाताचे चार घास खाऊन उठत होती. मधल्या वेळेत पोटात जाई तो चहा आणि वडापाव. मेसच्या पातळ वरणाची बाजू घेण्याचे मला कारण नाही, परंतु हीच दिनचर्या खोलीवर नेली असती तर पित्तही तिच्यासोबत तिकडे गेले असते.

वडिलांनी हिशेबात भाडे धरले होते. खानावळ, वीज आणि पाणी धरले नव्हते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आठवणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात उन्हाळ्यातला टँकर कोणाच्या खर्चाने येणार, हे घरमालकाला आधी विचारा असे सांगावे लागते, याचे मला नेहमी नवल वाटते. “स्वाधारमधून भागेल ना, मॅडम?” असे त्यांनी विचारले. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या त्या योजनेत या शहराकरिता वर्षाला ५१,००० रुपये ठरलेले आहेत, आणि तिने अर्ज करायलाच हवा होता. मात्र ही रक्कम पडताळणीनंतर खात्यावर येते आणि घरमालक भाडे महिन्याच्या सुरुवातीला मागतो.

म्हणून राहण्याचा आणि जेवणाचा प्रश्न आम्ही वेगळा केला. रात्री आजारी पडल्यास शेजारी कोणीतरी असणे, अभ्यासिका आणि सुरक्षितता यांसाठी वसतिगृह ठेवायचे ठरले. रेक्टरांनी दुपारचे जेवण सकाळीच डब्यात भरून नेण्याची परवानगी दिली. रोज भाकरी करणे मेसचालकाने नाकारले आणि शुल्कातही सवलत दिली नाही. तेव्हा महाविद्यालयाजवळच्या एका बाईंकडून रात्रीचा भाकरी-भाजीचा डबा लावला, जो मेसचे शुल्क धरूनही खोलीपेक्षा स्वस्त पडला. शिवाय गावाहून एस.टी.ने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी येऊ लागली.

अर्थात, जेवणातून अनेक मुली एकदम आजारी पडत असतील तर डबा लावून गप्प बसू नये, लेखी तक्रार करावी. आणि जेवणाच्या तक्रारीआड रॅगिंग असेल तर १८०० १८० ५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करावा. या मुलीच्या बाबतीत दोन्हींपैकी काही नव्हते, हे मी आधी विचारून घेतले होते.

दुसऱ्या वर्षी मैत्रिणींसोबत खोली घेण्याचा तिचा विचार आहे. त्याला माझी हरकत नाही; तोवर तिला स्वयंपाक येईल, आणि घराच्या गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे, हे ती भाड्याच्या आधी विचारणार आहे.