इंजिन नंबरचा छडा लागेपर्यंत पाना खाली ठेवा

प्रश्न : मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत टर्नर आहे. शाळेच्या सहलीत गोव्याला सॅन स्टॉर्म पाहिली, तेव्हापासून ती दोन सीटची गाडी डोक्यातून गेली नाही. गेल्या डिसेंबरात साताऱ्याजवळच्या एका माणसाकडून, काही वर्षे शेडमध्ये पडून असलेली तशीच गाडी 2 लाख 40 हजारांना घेतली. 2 लाख यूपीआयने दोन हप्त्यांत दिले, 40 हजार रोख. 'इंजिन मूळचंच, लोन नाही, पुरात कधी गेलेली नाही,' असे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले होते. मार्चमध्ये इंजिन धुतले तेव्हा नंबर आरसीशी जुळेना. सीट काढली तर रेल्समध्ये वाळलेला गाळ. आरसी गोव्याच्या एका गृहस्थांच्या नावावर, त्यांची सही असलेले टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज) माझ्याकडे आहेत, तारखा कोऱ्या. ऑनलाइन पाहिले तर बँकेचा बोजा अजून आहे आणि नोंदणीची मुदत संपली आहे. विकणारा म्हणतो, 'जशी आहे तशी घेतली असं तू सही करून दिलंयस, आणि मी फक्त मध्यस्थ.' आतापर्यंत दुरुस्तीवर 85 हजार गेले, त्यातले 22 हजार मार्चनंतर. गाडी परत द्यायला मन होत नाही आणि फसवणूकही गिळवत नाही. काम पुढे चालू ठेवू का?

उत्तर : काम आजच्या आज थांबवा. गाडीवरचा तुमचा जीव पत्रात ओळीओळीला दिसतो, म्हणूनच हे सर्वांत आधी सांगतो. तुमच्या प्रकरणाचे सगळ्यात मोठे नुकसान तो माणूस आता करू शकत नाही, तुमच्या हातातला पाना करू शकतो.

फसवून करार करायला लावले असेल, तर भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 19 प्रमाणे तुमच्यापुढे दोन वाटा असतात. एक, करार रद्द करून गाडी परत द्यायची आणि पैसे परत मागायचे. दुसरी, गाडी ठेवायची आणि म्हणायचे की, तू सांगितलेस ते खरे असते तर मी ज्या जागी असतो त्या जागी मला आणून ठेव. ही दुसरी वाट कलम 19 मध्येच लिहिलेली आहे, पण पुष्कळांना ती माहीत नसते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येत नाहीत, आणि लबाडी कळल्यानंतर तुम्ही गाडी आपलीच समजून कापाकापी, बोअरिंग, रंगकाम सुरू ठेवलेत तर न्यायालय म्हणेल की तुम्ही दुसरी वाट निवडली. पहिली मग बंद. परत करायची झाली तर वस्तू परत करण्याजोगी राहिली पाहिजे, हे कलम 64 चे साधे सूत्र आहे. डबाबंद सुट्या भागांची गाडी परत घ्यायला समोरचा नकार देईल आणि त्या नकारात थोडे तथ्यही असेल.

म्हणून बिलांचे दोन पाकिटांत वाटप करा. नंबर जुळत नाही हे कळण्याच्या आधीची 63 हजारांची एका पाकिटात. ती तुम्ही त्याच्या शब्दावर विसंबून केलेली, भरपाईत मागता येतात. मार्चनंतरची 22 हजारांची दुसऱ्यात. ती मिळणे अवघड आहे, आणि त्यांच्यावरच उलटतपासणीत तुम्हाला घेरले जाईल. नेमक्या कोणत्या दिवशी नंबर पाहिला, ती तारीख आठवून लिहून ठेवा. त्या दिवशी कुणाला फोटो पाठवला असेल तर तो शोधा.

आता 'जशी आहे तशी'. या तीन शब्दांनी लोक इतके दबून जातात की वकिलाकडे यायचेच टाळतात. जुन्या मालाच्या बाबतीत खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत हे तत्त्व वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 मध्ये आहेच. त्यामुळे फायबरच्या बॉडीवरचे तडे, कुजलेली रबरे, गंजलेली सायलेन्सरची नळी याबद्दल भांडू नका. ते तुम्ही पाहून घेतले, ते तुमचे. पण ती ओळ गाडीच्या अवस्थेबद्दल आहे, त्याच्या तोंडी-लेखी खोट्याबद्दल नाही.

करार अधिनियमाच्या कलम 17 खाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत, ती मला फार उपयोगी वाटतात. आजारी घोडा लिलावात विकताना मालक गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण खरेदीदार म्हणाला, 'तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला समजेन,' आणि मालक तेव्हाही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच. तुमचा माणूस तर गप्पसुद्धा राहिला नाही. त्याने तीन गोष्टी लिहून दिल्या आणि तिन्हींवर बोट ठेवता येते. तो नक्की म्हणेल की बोजा ऑनलाइन दिसत होता, तू आधीच का पाहिला नाहीस. साधी चौकशी करून खरे कळले असते ही सबब कलम 19 च्या अपवादात आहे, पण ती अजाणतेपणी चुकीचे सांगणाऱ्याला आणि लबाडीने गप्प राहणाऱ्याला मिळते. जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याला नाही. मात्र त्याला ते खोटे असल्याचे माहीत होते, हे सिद्ध करणे तुमच्यावर आहे.

गाळाबद्दल थोडे सविस्तर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. सांगलीत राहणाऱ्याला तो पिवळसर, पिठासारखा बारीक, सुकल्यावर पापुद्रे धरणारा गाळ डोळे मिटूनही ओळखू येतो. पण तुमची गाडी कुठे, कोणत्या पाण्यात होती हे न्यायालयाला आपल्या ओळखीवरून कळणार नाही. शेडमध्ये धूळ बसली, असे तो सांगेल. त्यामुळे तो गाळ पुसू नका. दाराच्या आतल्या पॅनेलमागे, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांत, सीट-बेल्टच्या रिळात पाण्याची एकसारखी रेघ आहे का ते पाहा. मोजपट्टी धरून फोटो काढा. मग मोटार सर्व्हेयरकडून लेखी तपासणी अहवाल घ्या. हा खर्च टाळू नका. तुमचे आणि गॅरेजवाल्या मित्राचे म्हणणे 'हितसंबंधी' ठरते, सर्व्हेयरचे सहसा नाही. आरसीसोबत जुनी पॉलिसी मिळाली असेल तर त्या विमा कंपनीकडे मागील क्लेमबद्दल लेखी विचारणा करा.

इंजिनचा मुद्दा मला सर्वांत काळजीचा वाटतो. या गाडीला रेनॉचे 1,149 सीसीचे पेट्रोल इंजिन येत असे आणि आरसीवर त्याचा नंबर आहे. तुमच्या गाडीत दुसरे इंजिन बसले आहे, म्हणजे ते कुठून तरी आले. भंगारातून रीतसर आले असेल, चोरीच्या गाडीतलेही असू शकेल. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 खाली असा बदल नोंदवावा लागतो आणि त्यासाठी इंजिनच्या खरेदीचे बिल लागते. बिलाशिवाय सांगलीचे आरटीओ नोंद करणार नाही, आणि नूतनीकरणाच्या तपासणीत निरीक्षक पहिल्यांदा नंबरच पाहील. तेव्हा 'मला असंच मिळालं' म्हणण्यापेक्षा आज स्वतः पोलिसांकडे लेखी अर्ज देणे शहाणपणाचे. नंबरवर वायर ब्रश पुन्हा फिरवू नका. आरटीओत चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात तसा दोन साक्षीदारांसमोर घ्या आणि तारीख घाला.

त्याच अर्जात फसवणुकीचीही तक्रार करा. भारतीय न्याय संहितेचे कलम 318(4), शिक्षा सात वर्षांपर्यंत. ठाण्यात 'हा दिवाणी वाद आहे' असे ऐकावे लागेल. फरक इतकाच असतो की लबाडीचा हेतू व्यवहाराच्या आधीपासून होता की नंतर मन फिरले. तुमच्याकडे पैसे देण्याआधीचे मेसेज आहेत, ते अर्जाला जोडा. नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पण पोलिसांच्या धाकाने पैसे वसूल होतील या आशेवर थांबू नका. मी त्या आशेत वर्षे गेलेली माणसे पाहिली आहेत, आणि तोवर दिवाणी मुदत निघून जाते.

'मी फक्त मध्यस्थ' हे त्याचे म्हणणे टिकणे कठीण आहे. पैसे त्याच्या खात्यात गेले, पावतीवर सही त्याची, आणि मूळ मालकाशी तुमचे एक शब्दही बोलणे झालेले नाही. शिवाय तो जुन्या गाड्यांचा धंदाच करत असेल, म्हणजे त्याच्या नावाने इतर गाड्यांच्याही जाहिराती असतील, तर चित्र आणखी बदलते. 1 एप्रिल 2023 पासून नोंदणीकृत गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट तो काढून टाकण्याआधी घ्या. तो व्यापारी ठरला तर तुम्ही ग्राहक ठरता, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे तुम्ही राहता तिथेच, सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. एकच गाडी विकणारा खासगी माणूस ठरला तर दिवाणी दावा, मुदत तीन वर्षे, फसवणूक असेल तर ती कळल्यापासून. रोखीच्या 40 हजारांची चिंता फार करू नका, पावतीवर पूर्ण 2 लाख 40 हजारांचा आकडा असेल तर तेवढे पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी : फोन बदलू नका, विकू नका. स्क्रीनशॉटसोबत पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आता त्या गोव्याच्या गृहस्थांकडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या प्रकरणाची किल्ली त्यांच्या हातात आहे. बहुतेक लोक मूळ मालकाला घाबरतात, तो हात झटकेल म्हणून. उलट त्यांनाच काळजी वाटायला हवी. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तरी आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. आरसीवरच्या पत्त्यावर त्यांना सौम्य शब्दांत पत्र लिहा आणि हे एक कारण नक्की सांगा. मग विचारा : गाडी कुणाला, कधी दिली? तेव्हा इंजिन कोणते होते? कर्ज फिटले का, बँकेचे ना हरकत पत्र आहे का? कोऱ्या तारखांच्या टीटी फॉर्मवर स्वतः तारीख टाकून ते वापरायच्या भानगडीत पडू नका. सही जुनी, तारीख नवी, आणि मधल्या काळात गाडी तिसऱ्याकडे असेल तर तुम्हीच अडकाल.

त्यांनी साथ दिली तर कागदांचा रस्ता असा जातो : बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 देऊन एचपी, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा, उतरवायची, गोव्याच्या आरटीओकडून फॉर्म 28 वर ना हरकत घ्यायची, इंजिनची नोंद दुरुस्त करायची, मग इथे कर भरून हस्तांतर, नूतनीकरण आणि महाराष्ट्राचा नंबर. यातली एक कडी तुटली तर पुढचे सगळे अडते. तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे टोइंगवर आणलीत तशीच, न्यावी लागली तर टोइंगवरच न्या. नोंदणी नाही, विमा नाही, अशा गाडीची कुपवाड रस्त्यावर एक चक्करसुद्धा नको. कुणाला धक्का लागला तर तो भार आयुष्यभर पुरेल.

तुम्ही विचारले नाहीत, तरी माझे मत सांगतो. मूळ मालक सापडले, त्यांनी लेखी दिले आणि इंजिनचा उगम स्वच्छ निघाला, तर गाडी ठेवा. मग नोटिशीत वायरिंगचा, बोजा उतरवण्याचा आणि जुळत्या इंजिनचा खर्च मागा. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचे तास मात्र मिळतील असे धरू नका. या तिन्हींतले एक जरी जमले नाही, तर गाडी परत करा. मला माहीत आहे हे वाचताना तुम्हाला काय वाटेल. पण ज्या गाडीला आरटीओ कधीच नंबर देणार नाही ती कितीही चकचकीत केली तरी शेडमध्येच उभी राहील, आणि तुमच्या पगारातले आणखी लाख-दीड लाख तिच्यात गेलेले असतील.

सहा महिने होत आले आहेत, म्हणून क्रम चुकवू नका. या आठवड्यात फोटो, ठसा आणि सर्व्हेयर. लगेच पोलिसांकडे अर्ज आणि गोव्याला पत्र. त्याच दिवशी वकिलामार्फत विकणाऱ्याला स्पीड पोस्टाने नोटीस, 15 दिवसांची. त्या नोटिशीत दोन्ही मागण्या 'किंवा' घालून लिहिता येतात, म्हणजे निवड गोव्याचे उत्तर येईपर्यंत उघडी राहते. पण ते उत्तर यायला महिन्याच्या वर वाट पाहू नका, करार रद्द करणाऱ्याने उशीर केलेला न्यायालयाला आवडत नाही. काढलेले नट, ब्रॅकेट, वायरिंगचे तुकडे चिठ्ठ्या लावून डब्यांत ठेवा. काही फेकले असेल तर गॅरेजच्या भंगारात आजच शोधा, उद्या ते विकले गेलेले असेल.