पोट भरतं, मन भरत नाही: अशा जेवणाला इंग्रजीत काय म्हणाल?

मेसच्या भात-बटाटा छापाच्या जेवणासाठी ब्रिटिश इंग्रजीतला नेमका शब्द आहे ‘स्टॉज’. पिठूळ, जड, पोटात दगडासारखं बसणारं आणि चवीला यथातथा. तिकडच्या शाळांमधली स्यूएट (प्राण्यांची घट्ट चरबी) घातलेली पुडिंगं हे त्याचं ठरलेलं उदाहरण. नाम अगणनीय आहे, म्हणून ‘अ स्टॉज’ लिहू नका. ‘द स्कूल डिनर्स वेअर प्युअर स्टॉज’ असं वाक्य करा. थंडीच्या दिवसांत हाच शब्द लाडानेही वापरतात, तेव्हा आजूबाजूची वाक्यं बघूनच अर्थ लावा. वाचक अमेरिकन असेल तर जपून: तिथे ‘स्टॉजी’ म्हटलं की आधी कंटाळवाणा, जुनाट माणूस डोळ्यांपुढे येतो.

आमटी पाणचट असेल तर मात्र ‘स्लॉप’. हा शब्द डुकरांच्या खाण्यासाठीही वापरतात, त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावर नको.

नवशिके हमखास फसतात ते ‘ग्रब’पाशी. त्यात नावं ठेवणं अजिबात नाही. पबमध्ये चांगल्या जेवणालाही ‘पब ग्रब’च म्हणतात. अमेरिकन ‘चाऊ’ आणि स्कॉटलंड-उत्तर इंग्लंडकडचं ‘स्क्रॅन’ हेही तसेच, नुसतं ‘खाणं’. ‘जंक फूड’ तर इथे बसतच नाही, ते चटकदार असतं.

‘पॅप’ म्हणजे बेचव, गिळगिळीत खाणं. पण दक्षिण आफ्रिकेत त्याच स्पेलिंगची मक्याची पेज-उकड हे रोजचं मानाचं अन्न आहे. तिथल्या मजकुरात ती शिवी समजू नका.